मदत हवी आहे : सरदारांनी आणलेला धूप कुठे जाळला?

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात अडकलोय. निवासमंडपाच्या (इस्राएल लोकांच्या तंबूतल्या देवस्थानाच्या) वेदीच्या समर्पणासाठी इस्राएलच्या बारा वंशांचे सरदार रोज एक याप्रमाणे येतात, पहिला यहूदाचा नहशोन. प्रत्येकाचं अर्पण तेच : 130 शेकेलांचं (शेकेल म्हणजे वजनाचं जुनं माप) चांदीचं ताट, 70 शेकेलांचा कटोरा आणि धूपाने भरलेलं 10 शेकेलांचं सोन्याचं पात्र, शिवाय बळीची जनावरं. (बाराही वेळा तीच यादी, वाचणाऱ्याच्या चिकाटीची परीक्षाच!)

पण समर्पण होतंय ते अंगणातल्या होमबलीच्या वेदीचं. धूपाची सोन्याची वेदी आत, पडद्यासमोर. तिच्यावर ठरलेल्या मिश्रणाखेरीज दुसरा धूप जाळायला बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात सक्त मनाई. मग हा धूप जाळला कुठे? की नुसता मंडपाच्या साठ्यात जमा झाला? तालमुद (ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ) याला त्या वेळेपुरती दिलेली मुभा म्हणतो. मला ती पळवाट वाटते.

प्रत्यक्षात नियम किती पाळत, तेही बघा : इस्रायलमधल्या तेल अराद इथल्या प्राचीन देवळातल्या दोन धूपवेद्यांपैकी धाकटीवर गांजाचे अंश सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं.

हिब्रू मूळ वाचणारं कोणी, किंवा आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींपैकी कोणी सांगेल का? राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचं भाष्य इथे काय म्हणतं, तेही हवंय.