कलोनला इलेक्ट्रिक कॉलबॉय: उभ्याचं तिकीट की खुर्ची?

कोथरूडचा_ड्रमर
मंडळी, ताईकडे जर्मनीत लेव्हरकुसेनला येतोय. त्याच आठवड्यात कलोनच्या लांक्सेस अरिनात इलेक्ट्रिक कॉलबॉय हा जर्मन मेटल बँड आहे, म्हणजे जायचंच. पण दाजीही येतो म्हणतायत. पन्नाशी उलटलीय, ऐकतात नाट्यसंगीत. यूट्यूबवर विग आणि चकचकीत ट्रॅकसूट बघून त्यांना वाटतंय की विनोदी कार्यक्रम आहे. ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यातला तो मंद, जड, गुरगुरणारा तुकडा, अजून मी त्यांच्या कानावर पडू दिलेला नाही. खाली उभं राहावं की वर खुर्च्या घ्याव्यात? आणि थंडीची जाडजूड जॅकेटं कुठे ठेवतात?

ऱ्हाइनकाठची_सावंतवाडीकर
खुर्च्याच घे, आणि त्या दाजींसाठी म्हणून नव्हे. या बँडचा निम्मा खेळ बघायचा असतो. खाली उभा राहिलास तर सहा फुटी जर्मनांच्या पाठी दिसतील, बस्स. बाजूला खालच्या मजल्यावर बसलास तर स्टेजही दिसतं आणि पिटही, म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणाऱ्यांची जागा. दिवे जातात, अंधारात नुसती कीबोर्डची धून चालू असते, आणि उजेड होतो तेव्हा सगळेच्या सगळे मागे लांब केस सोडलेल्या विगांत उभे! मग आग, धूर, कागदाचे तुकडे.

दाजींना वाटतंय ते अगदीच खोटं नाही. आमच्या दशावतारात संकासूर आधी पोट धरून हसवतो आणि मग विष्णूशी झुंजतो, तशातली गत. गायक निको झालाख 2020 मध्ये बँडमध्ये आला तेव्हापासून गाणं आणि गुरगुर दोन्ही एकाच गळ्यातून इतकी सफाईने निघते की विगकडे लक्षच राहत नाही. शिवाय कास्त्रोप-राउक्सेल हे त्यांचं गाव इथून गाडीने तासाभरावर. त्यामुळे गर्दी घरचीच. ऑफिसात टाय लावणारे लोक गुलाबी ट्रॅकसूट घालून येतात, कानांवर मोठे हेडफोनसारखे मफ लावलेली पोरं बापाच्या खांद्यावर.

मी वरून पाहिलेलं एक सांगते. पिटमध्ये गोल फिरत धक्काबुक्की ऐन रंगात आली होती आणि एकाचा विग उडाला. दोघा-तिघांनी हात पसरून बाकीच्यांना थोपवलं, एका बाईने विग उचलला, झटकला, त्याच्या डोक्यावर नीट बसवला, पुढचे केस सारखे केले. तो मान हलवून ‘डांके’ (धन्यवाद) म्हणाला असावा. पुढच्या ठोक्याला त्याच बाईने त्याला खांद्याने असा ढकलला की दिसेनासाच झाला.

जुना_थ्रॅशवाला
याला मेटल म्हणायचं? डिस्कोत मध्येच दोन मिनिटं ओरडायचं, झालं. ही मंडळी 2022 ला युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेला जायला निघाली होती, यातच सगळं आलं.

ऱ्हाइनकाठची_सावंतवाडीकर
निघाली होती, पण जर्मनीच्या निवड फेरीतही घेतलं नाही त्यांना. चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, तरी नाही. त्याच वर्षी त्यांचा ‘टेक्नो’ अल्बम जर्मन चार्टवर पहिला आला. आणि दादा, डिस्को तर डिस्को, पण ‘वॉल ऑफ डेथ’साठी, म्हणजे दोन बाजूंनी धावत येऊन एकमेकांवर आदळायला, गर्दी दुभंगते ना, तेव्हा मधल्या रिकाम्या पट्ट्यात उभं राहून हे वाक्य म्हणून दाखवा.

डॉइट्झकर
कामाचं बोलतो. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, सॅक घरीच ठेव. जॅकेटं गार्डेरोबेत, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यायची. सुटल्यावर तिथे ही रांग लागते, म्हणून शेवटचं गाणं चालू असताना एकाने आधीच निघावं. अर्थात दाजींनी. कानात घालायला ओरोपॅक्सचे बोळे डीएमच्या कुठल्याही दुकानात मिळतात, विसरू नकोस. तिकिटावर लोकल प्रवास धरलेला आहे का ते बघ, बहुधा असतो. परतीला मेसे/डॉइट्झ स्टेशनवरून एस-6 लोकल थेट लेव्हरकुसेनला जाते. जाणाऱ्या सगळ्यांची झुंबड तिथेच उडते, तेव्हा पुलावरून चालत मुख्य स्टेशनला जाऊन बसलात तर जागा तरी मिळेल.

कोथरूडचा_ड्रमर
आभार! बाजूच्या दोन खुर्च्या घेतल्या. दाजींना काल एक ब्रेकडाउन ऐकवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘याला खर्ज बरा लागलाय, पण घसा किती वर्षं टिकेल?’ आता ताई विचारतेय, तिसरं तिकीट मिळेल का.