अनुभव धागा : मैदानातली दुखापत आणि ती टाळणारे नियम

रावपुरेकर
काल भाच्याला कबड्डी शिबिरात सोडायला गेले. खेळ सुरू व्हायच्या आधी पंचांनी सगळ्यांची नखं बघितली. एकाचं कडं काढायला लावलं. त्याची आई म्हणे, "नवसाचं आहे हो!" पंच म्हणाले, "मग नवस पर्समध्ये ठेवा." माझ्या भुवईवर अशाच एका कड्याची खूण आहे, चार टाके पडले होते. नखं, दागिने, अंगाला तेल, पायांची कैची घालून पकडणं हे सगळं तेव्हाही नियमांत बसत नव्हतंच, पण बघतंय कोण! आणि ही अवस्था आपल्या बडोद्यात, जिथे हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली कबड्डीचे नियम ठरवले. लिहा तुमचेही.

अढीतेढी
मल्लखांब. खाली कुणी उभं नसेल तर खांबाला हात लावायचा नाही, हा आमच्या सरांचा कायदा. साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, पक्की झाल्याशिवाय दसरंग हा अवघड प्रकार नाही. फार राग यायचा. एकदा खांबाला एरंडेल जरा जास्तच चोपडलं गेलं, दसरंगातून सटकून डोक्यावरच येत होतो, दादाने खांद्याला धरून गादीवर लोळवलं. मान शाबूत.

मोतीबाग_एंड
क्रिकेटचं कुणीच नाही? आपले बडोद्याचे अंशुमान गायकवाड, १९७६, वेस्ट इंडीजमधलं किंग्स्टन. हेल्मेट नाही, त्यांचा वेगवान गोलंदाज होल्डिंगचा चेंडू थेट कानावर. ८१ धावांवर जखमी होऊन बाहेर. षटकात किती बाउन्सर टाकायचे यावर मर्यादा आली ती १९९१ ला. आता जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत स्टंपला चिकटून उभ्या कीपरलाही हेल्मेट सक्तीचं. पोरं म्हणतात गरम होतं.

सेवउसळप्रेमी
मोतीबाग मैदान म्हटलं की मला मॅच नाही, नंतरची सेव उसळ आठवते. तर्री जास्त, पाव मोजायचे नाहीत 😋

मोतीबाग_एंड
@सेवउसळप्रेमी धागा कसला, तुमचं चाललंय काय 😂

आई_ऑन_ड्यूटी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. डोक्याला लागलं तर "बर्फ लाव, जा खेळ" करू नका. त्या दिवशी परत मैदानात नाही, मूल कितीही रडो. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का, झालं तर क्रिकेटमध्ये बदली खेळाडू द्यायचा नियम २०१९ पासून कसोटीतही आहे, आपली गल्लीची फायनल काय त्याहून मोठी? मुलगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. चालेल.

खोखो_वहिनी
खो-खोचा खांब गुळगुळीत हवा असं नियमातच आहे. आमच्या शाळेतल्या खांबाला बॅनरचा खिळा तसाच होता. धावत येऊन खांब धरला आणि तळहात इथून तिथून फाटला. पुढच्या वर्षी खिळा निघाला, बॅनर सुतळीने बांधला.

रावपुरेकर
आई गं! वाचूनच हात मिटला.

नवीनच_आलोय
ते नखं बघणारे पंच कुठल्या शिबिरात आहेत? मुलीला घालायचंय. दांडिया बाजारकडून लांब पडेल का? फी?

रावपुरेकर
@नवीनच_आलोय व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बूट स्वतःचे आणा, आणि कानातले घरी ठेवून या, तिथे ऐकत नाहीत.