सब्जानं जाणारे ठिपके नव्हेत हे

आमवाताच्या गोळ्या चालू असताना पायावर लाल ठिपके आले तर 'अंगातली उष्णता, सब्जा प्या' असं वरच्या एका प्रतिक्रियेत लिहिलंय, ते पटलं नाही. तासगावच्या माझ्या आत्याला लेफ्लुनोमाइड ही आमवाताची गोळी सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले आणि नडगीवर असेच ठिपके उठले. आम्ही खापर फोडलं द्राक्षबागेतल्या फवारणीवर. मिरजेच्या डॉक्टरांनी ठिपक्यावर नुसती काच दाबली. साध्या पुरळाची लाली दाबल्यावर जाते. ही हलली नाही, आणि बोटाला उंचवटाही लागत होता. म्हणजे रक्त रक्तवाहिनीच्या बाहेर झिरपलेलं. कातडीचा तुकडा तपासल्यावर व्हॅस्क्युलायटिस, बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, निघाला. लघवीही लगेच तपासली, कारण असा दाह मूत्रपिंडातही असू शकतो.

इथे कुणी न बोललेली गोष्ट म्हणजे, ही गोळी थांबवली तरी औषध अंगातून लवकर जात नाही. पित्तातून आतड्यात, तिथून परत रक्तात, अशा फेऱ्या मारत महिनोन्‌महिने राहतं. म्हणून आत्याला कोलेस्टिरामाइनची पूड दिवसातून तीनदा, ११ दिवस दिली. ती आतड्यात औषधाला धरून शौचावाटे बाहेर काढते. (चव? 'वाळू खाल्ल्यागत,' इति आत्या.) मुळात आमवातानंही असा दाह होतो, त्यामुळे दोष गोळीचा की आजाराचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि दाह कमी करायला स्टेरॉइड चालू असेल तर ते मनानं अजिबात तोडू नका. आत्याचे ठिपके तीनेक आठवड्यांत तपकिरी पडले, डाग अजून आहेत.