मदत हवी आहे: व्यसन सोडवणारी जिभेखालची गोळी चालू असताना बोटीवर कसं जायचं? (रत्नागिरी)

सड्यावरची

नमस्कार. धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. तो मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. चार वर्षांपूर्वी बोटीवर पाय घसरून कंबरेवर पडला. दुखणं दाबायला ट्रामाडॉल, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी, सुरू झालं. कंबर बरी झाली तरी गोळी सुटेना. दिवसाला दोनच्या बारा कधी झाल्या आम्हाला कळलंच नाही. गोळी चुकली की अंग मोडून यायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, रात्रभर पाय झाडत पडायचा. आईने तर ग्रामदेवतेला गाऱ्हाणंही घातलं.

गेल्या वर्षी एका केंद्रात २१ दिवस ठेवलं. तिथे सगळं बंद केलं आणि पुढचं औषध काहीही न देता घरी पाठवलं. दहाव्या दिवशी त्याने जुन्याच हिशोबाने गोळ्या घेतल्या. शरीराची सवय तोवर मोडलेली. ओठ निळे पडले, श्वास अगदी सावकाश चालला होता. अशा गोळ्यांचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून तो आज आहे.

एप्रिलपासून दुसऱ्या डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन सुरू केलंय, रोज जिभेखाली. पहिली गोळी देण्याआधी त्याला त्रास सुरू होईपर्यंत थांबवलं, नाहीतर औषधानेच एकदम त्रास उसळतो म्हणाले. आता तो जेवतो, झोपतो, अंगणात बसून जाळी विणतो. चार वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

पण ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. बोट एकदा गेली की आठ-दहा दिवस परत येत नाही, आणि डॉक्टर एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या देतात. त्यात वहिनीचे वडील म्हणतात, "एक व्यसन सोडून दुसरं लावलंत, हंगामाआधी बंद करा." अमेरिकेत २०१७ साली ब्युप्रेनॉर्फिनच्या महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, असं वाचलं. कोकणात किंवा मुंबईत कुणाला ते मिळालंय का? आणि नाल्ट्रेक्सोनचं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवणाऱ्या औषधाचं काय?

खाडीपलीकडे

ताई, माझे मिस्टर ट्रक चालवतात, तिसरं वर्ष चालू आहे याच गोळीवर. आमच्याकडेही "व्यसनाला व्यसन" ऐकून झालं. ही गोळी मेंदूतल्या त्याच जागेवर बसते, पण अर्धवट काम करते. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी नशा चढत नाही. सासऱ्यांना मी एवढंच विचारलं, मधुमेहाची गोळी तुम्ही बंद कराल का? हंगामासाठी बंद करू नका, प्लीज. गेल्या वर्षीचं तुम्हीच लिहिलंय.

इंजेक्शनच्या भरवशावर मात्र राहू नका. १ ऑगस्ट दारात आहे, गोळ्यांचीच सोय लावा.

ओटीवरून

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नाल्ट्रेक्सोन या घडीला नको. त्यासाठी अफूच्या जातीचं प्रत्येक औषध किमान ७ ते १० दिवस पूर्ण बंद असावं लागतं, ब्युप्रेनॉर्फिननंतर तर दोन आठवड्यांपर्यंतही थांबावं लागू शकतं. अंगात ते असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर तासाभरात भयंकर हाल होतात.

डॉक्टरांकडे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सोबत न्या. जबाबदार माणूस समोर दिसला तर जास्त दिवसांच्या गोळ्यांचा विचार होऊ शकतो. डबी तांडेलाकडे कुलुपात, रोज सकाळी त्याच्यासमोर जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत गिळायची नाही. चिठ्ठी सोबत हवीच, हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. बोटीवर दारू किंवा झोपेची गोळी यासोबत अजिबात नको, श्वास थांबू शकतो. त्याचा धीर सुटला तर रात्री-अपरात्रीही टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून निघण्याआधीच एकदा बोलायला लावा.

सड्यावरची

दोघींचे आभार. काल तांडेलदादांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला बोटीवरून काढतील. ते म्हणाले, "माझ्या भाच्याला असा कोणी डॉक्टर भेटला नव्हता." सोमवारी ते आमच्याबरोबर येतायत. ओटीवरून, एक राहिलं: बोटीवर सगळं ओलं असतं. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भराव्यात की पट्टी तशीच ठेवावी?

ओटीवरून

पट्टी तशीच ठेवा, कापूही नका. घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. त्या दिवसाचीच गोळी फोडायची, कोरड्या हाताने.