नाताळचा पिक्चर: यंदा आजीसुद्धा शेवटपर्यंत बसल्या पाहिजेत

बी-३०२ वहिनी
नमस्कार सगळ्यांना. नाताळला आठच दिवस राहिलेत म्हणून आत्ताच विषय काढते. गेल्या वर्षी सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून पिक्चर दाखवला, पोरांनी मनापासून राबून सगळं केलं होतं त्याबद्दल प्रश्नच नाही, पण पिक्चर इंग्लिश, खाली अक्षरं नाहीत, वरनं दव पडतंय, आणि वीस मिनिटांच्या आत पुढच्या रांगेतले सगळे आजी-आजोबा एकेक करून उठून खाली गेले. पुढची रांग त्यांच्यासाठीच ठेवली होती ना आपण? मला ते फार लागलं. यंदा गच्ची नको असं माझं म्हणणं आहे. मजल्यावरची तीन-चार घरं मिळून एकाच्या हॉलमध्ये बसू, २४ ला संध्याकाळी सातला सुरू करू, नऊ-सव्वानऊला मोकळे, म्हणजे लहान पोरं पेंगणार नाहीत आणि आवाजाचीपण कुणाला अडचण नाही. पिक्चर कुठला ते सगळ्यांनी सुचवा, फक्त एक लक्षात ठेवा, सहा वर्षांचं पोर आणि ऐंशीची आजी दोघंही शेवटपर्यंत बसले पाहिजेत.

सी-२०४ दादा
एकदम पटलं वहिनी. माझं मत क्लॉस. २०१९ चा ॲनिमेशन आहे, नेटफ्लिक्सवर, साधारण दीड तासाचा. सर्जिओ पाब्लोस म्हणून स्पेनचा दिग्दर्शक आहे, त्यानं हल्ली सगळे करतात तसला कॉम्प्युटरचा थ्रीडी न करता हातानं काढलेली चित्रं घेतली आणि त्यावर प्रकाश-सावली अशी टाकलीय की प्रत्येक फ्रेम रंगवलेल्या पुस्तकाचं पान वाटतं. बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं मोठं सिनेमाचं बक्षीस, मिळालं त्याला, ऑस्करला नॉमिनेशनपण होतं. गोष्ट म्हणजे एका लाडावलेल्या पोराला बाप पार उत्तरेकडच्या एका बेटावर पोस्टमन करून पाठवतो, वर्षात ६००० पत्रं गेली पाहिजेत अशी अट, आणि त्या गावात दोन घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं, कोण कुणाला पत्र लिहिणार? मग तो जंगलातल्या एका अबोल सुताराकडची खेळणी पोरांपर्यंत पोचवायला लागतो, आणि खेळणं पाहिजे तर पत्र लिहायला पाहिजे, पत्र लिहायचं तर शाळेत जायला पाहिजे, असं एकातनं एक सुरू होतं.

ए-३०२ काकू
दोन घराण्यांची भांडणं म्हणजे आमच्या गावाकडचं बांधावरचंच झालं की सगळं

बी-३०२ वहिनी
दादा पण भाषेचं काय? आमच्या सासूबाईंना हिंदी कळतं, इंग्लिश अजिबात नाही.

सी-२०४ दादा
तेच सांगणार होतो. त्यात एक छोटी मुलगी आहे, मार्गू, ती सामी भाषा बोलते, पार उत्तरेकडच्या लोकांची. आणि तिच्या बोलण्याला खाली अक्षरंच दिलेली नाहीत, मुद्दाम. म्हणजे तिचं बोलणं पोस्टमनला कळत नाही, मला कळत नाही, आजींनाही कळणार नाही, आणि तरी तिला काय पाहिजे ते सगळ्यांना बरोबर कळतं. तेवढ्या वेळात हॉलमधले सगळे एका पातळीवर येतात. बाकी ऑडिओ कुठल्या भाषेत मिळतो ते आज रात्री सेटिंगमध्ये बघून सांगतो, आयत्या वेळी रिमोट घेऊन शोधत बसायला नको.

ए-१०१ सर
चर्चा चांगली चालली आहे, माझीही भर घालतो. आपण सांगलीकर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं. त्याच वर्षी, त्याच हिवाळ्यात, १९ डिसेंबरला लंडनमध्ये इंग्रज लेखक डिकन्सचं अ ख्रिसमस कॅरोल हे पुस्तक प्रसिद्ध झालं. जेमतेम दीड महिन्याचं अंतर. शाळेत असताना दरवर्षी मुलांना हे सांगायचो आणि दरवर्षी मला स्वतःला नव्यानं आनंद व्हायचा. एका कवडीचुंबक म्हाताऱ्याला नाताळच्या आदल्या रात्री भुतं भेटतात, त्या गोष्टीवर पुष्कळ चित्रपट निघाले, पण मुलांसाठी १९९२ चा मपेट्सचा बघा. सगळ्या बोलक्या बाहुल्या, आणि त्यांच्या मधोमध मायकेल केन हा मोठा नट, तो बाहुल्यांशी अशा गांभीर्यानं बोलतो की समोर बाहुली आहे हे आपण विसरतो. जेमतेम दीड तास लांबी. फक्त शेवटचं भूत काळ्या झग्यातलं आहे, लहानग्यांना मांडीवर घेऊन बसा.

ए-१०१ सर
आणि मोठ्यांसाठी एक सांगतो, इट्स अ वंडरफुल लाईफ, १९४६, फ्रँक काप्राचा. ब्लॅक अँड व्हाईट आहे म्हणून टाळू नका. नायक जॉर्ज बेली एका छोट्या गावात बापाची पतसंस्था चालवतो, पतसंस्थाच म्हणायची ती, लोकांचे पैसे ठेवायचे आणि त्यातनं लोकांना घराला कर्ज द्यायचं. एक दिवस अफवा उठते आणि सगळं गाव दारात पैसे मागायला येतं. हा लग्न लागल्या लागल्या बायकोबरोबर फिरायला निघालेला, तसाच परत येतो आणि लोकांना सांगतो, अहो तुमचे पैसे या तिजोरीत नाहीत, ते तुमच्या शेजाऱ्याच्या घरात आहेत. मग प्रवासाला काढलेले स्वतःचे पैसे काउंटरवर ठेवून वाटतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेच्या दारात पासबुक घेऊन उभं राहिलेली माणसं मी बघितलीत, माझे स्वतःचे निवृत्तीचे पैसे एकदा असेच दीड वर्ष अडकले होते. त्यामुळे तो प्रसंग मला परदेशी वाटतच नाही.

सी-२०४ दादा
सर तो बघितलाय मी, पुलावरचा प्रसंग जड आहे पण. जीव द्यायला निघालेला असतो तो.

ए-१०१ सर
बरोबर, म्हणून तर मोठ्यांसाठी म्हटलं. आणि १३० मिनिटांचा आहे. पोरं झोपल्यावर नवरा-बायकोनं बघावा. त्यातला बर्फ जरा नीट बघा. तोपर्यंत सिनेमात पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून टाकायचे, त्यावरनं चाललं की कुरकुर आवाज यायचा, संवाद नंतर पुन्हा भरावे लागायचे. या लोकांनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचा बिनआवाजी बर्फ केला आणि ऐन उन्हाळ्यात शूटिंग उरकलं. तेव्हा धंदा काही खास झाला नाही. पुढं १९७४ मध्ये कॉपीराईटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्हीवाल्यांना फुकट मिळाला, ते दर नाताळला लावत गेले, आणि असा तो घराघरात पोचला.

बी-१०३ ताई
सर किती छान सांगितलंत. आमच्या घरी नाताळ म्हणजे आधी चर्च मग बाकी सगळं, हे सगळ्यांना माहीतच आहे. माझं माहेर मिरजेचं, लहानपणी २४ ला रात्री उपासना असायची, थंडीत स्वेटर घालून सगळी भावंडं रिक्षात कोंबून जायचो, आणि घरात आईनं आठ दिवस आधीपासून करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या करून डबे भरलेले. तुम्ही दिवाळीला करता तेच सगळं, फक्त डिसेंबरात. त्यामुळं पिक्चरमध्ये नुसता सांता आणि गिफ्ट असलं की मला कुठंतरी अपुरं वाटतं. माझी आवड मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट, जुना, १९४७ चा. दुकानात सांता बनून बसलेला एक म्हातारा म्हणतो मीच खरा सांता, आणि प्रकरण कोर्टात जातं. एडमंड ग्वेननं केलाय तो म्हातारा, ऑस्कर मिळालं त्याला. त्यात एक हॉलंडची अनाथ मुलगी येते, तिला इंग्लिश येत नाही, तिची नवी आई म्हणते ऐकतच नव्हती हो, तुमच्याकडंच यायचं म्हणत होती. आणि तो म्हातारा सरळ तिच्या भाषेत बोलायला लागतो. त्या पोरीचा चेहरा बघा तेव्हा. गाणं म्हणतात दोघं मिळून. तिथंही भाषांतर नाही.

बी-३०२ वहिनी
ताई वाचतानाच डोळ्यात पाणी आलं बघा

ए-३०१ सुभेदार काका
माझाही एक सुचवतो. ज्वाइये नोएल, २००५, फ्रेंच दिग्दर्शकाचा. १९१४ च्या नाताळला खंदकात समोरासमोर बसलेल्या जर्मन, फ्रेंच आणि स्कॉटिश सैनिकांनी बंदुका खाली ठेवल्या त्याची गोष्ट. हे खरं घडलेलं आहे. एका बाजूनं गाणं सुरू होतं, दुसऱ्या बाजूचे ऐकतात, मग बॅगपाईप साथ देतो, मग माणसं बाहेर येतात, आणि दुसऱ्या दिवशी आपापले मेलेले साथीदार उचलून पुरतात. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान त्या पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावात स्मृतिस्तंभासमोर उभा राहिलोय मी. म्हणून हा चित्रपट मी एकट्यानं तीनदा बघितलाय. लहान मुलांना दाखवू नका, पण कॉलेजच्या पोरांनी जरूर बघावा.

सी-१०२ (कॉलेजवाला)
काका नक्की बघतो. मी डाय हार्ड म्हणणार होतो, १९८८ चा, नाताळच्या पार्टीतच घडतो सगळा. पण रक्त आणि शिव्या भरपूर, आजी आणि बारकी पोरं असताना नको, बरोबर आहे.

ए-३०२ काकू
आमच्या नातवाला पोलर एक्सप्रेस आवडतो, आगगाडीचा, त्यात टॉम हँक्सनं बरीच पात्रं एकट्यानंच केलीत म्हणे. मला मात्र त्या पोरांचे डोळे काचेचे वाटतात, जीव लागत नाही.

बी-३०२ वहिनी
सगळ्यांचे वाचले. आता माझं सांगते, जरा मोठं आहे. होम अलोन. सगळ्यांनी बघितलाय, माहितीये, १९९० चा आहे. पण गेल्या वर्षी गच्चीवरनं सासूबाई खाली आल्या, मीपण आले त्यांच्या मागनं, आणि लेकानं घरातल्या टीव्हीवर होम अलोन लावला. इंग्लिशच होता. मी सासूबाईंच्या शेजारी सोफ्यावर बसून मराठीत सांगत गेले, आता ते पॅरिसला निघालेत, आता आईच्या लक्षात आलं पोरगं घरीच राहिलं. त्यांनी एकदम माझा हात धरला, म्हणल्या, जत्रेत आमचा थोरला असाच चुकला होता गं, तंबूतला सिनेमा बघायला गेलो होतो, मध्यंतरात बघते तर पोरगं नाही. त्या बोलत होत्या आणि मी पिक्चर थांबवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही गोष्ट घरात कुणाला सांगितली त्यांनी. सापडला तो चहाच्या गाड्यावर, गाडेवाल्यानं हातात खारी देऊन बसवलं होतं.

बी-३०२ वहिनी
मग पुढं लावला. लेक त्या घरात घुसणाऱ्या चोरांची वाट बघत होता, पिक्चरमधल्या पोरानं लावलेल्या सापळ्यात इस्त्री कधी पडते आणि ते घसरतात कधी. सासूबाईंचं लक्ष त्या शेजारच्या म्हाताऱ्याकडं. पोरं त्याला भितात ना, रात्रीचा एकटाच फावडं घेऊन रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकत असतो, कायबाय अफवा असतात त्याच्याबद्दल. या पहिल्यापासनं म्हणत होत्या, हा माणूस वाईट नाही, हात बघ त्याचे. आणि मग चर्चमधला प्रसंग आला, म्हातारा त्या पोराच्या शेजारी येऊन बसतो, सांगतो की समोर गाण्यात माझी नात आहे, पण लेकाशी भांडण झालंय, त्याच्या घरी मला जाता येत नाही. आठ वर्षांचं पोर त्याला म्हणतं, मग फोन करा की. इथं मी मराठीत सांगायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी बोटानं गप्प केलं. कळलं म्हणल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. माझ्या मते तो पिक्चर त्या प्रसंगासाठी बघायचा, चोरांचं सगळं त्याच्या पुढं-मागं. आणि दोन मिनिटांत लाईट गेली! तासभर आली नाही. सकाळी सासूबाई तासगावला नणंदेकडं गेल्या आणि ते राहूनच गेलं. लेक पुढचं सांगायला लागला तर म्हणल्या सांगू नको, बघायचंय मला.

बी-१०३ ताई
वर्षभर राहिलंय म्हणजे??? मग काय विचारायचं, होम अलोनच. मी करंज्या आणते.

सी-२०४ दादा
१०३ मिनिटांचा आहे, सातला लावला तर पावणेनऊला संपतो. हिंदीत मिळतो का ते मी बघतो, नाही मिळाला तर वहिनी सांगतील आणि मधे मधे थांबवू. फक्त मुलांना आधीच सांगून ठेवूया, जिन्यावरनं काही टाकायचं नाही. क्लॉस २५ ला आमच्याकडं. इन्व्हर्टरपण आमच्याकडं आहे, २४ ला वर आणून जोडतो.

ए-१०१ सर
बी विंगचं ठरलं. ए विंग माझ्या हॉलमध्ये, बाहुल्यांचा ख्रिसमस कॅरोल. मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. सुभेदार साहेब, आपला चित्रपट शनिवारी रात्री आपण दोघं आणि कॉलेजची मुलं.

ए-३०१ सुभेदार काका
हजर राहतो सर.

ए-३०२ काकू
भडंग माझ्याकडनं, दोन्ही विंगला. पोरांसाठी तिखट कमी करते.

बी-३०२ वहिनी
चालेल. सासूबाईंना आत्ता सांगितलं. विचारतायत, लाईट गेली तिथनं लावणार का सुरुवातीपासनं? म्हणलं सुरुवातीपासनं. मग म्हणल्या, थोरल्यालापण बोलव.