मदत हवी आहे: फायरवॉल ॲप प्ले स्टोअरवरचं घ्यावं की बाहेरचं?

मंडळी, बाबांच्या अँड्रॉइड फोनबद्दल विचारायचंय. मुलुंड ते सीएसएमटी वेळ जावा म्हणून त्यांनी रमीचे दोन-तीन गेम घेतलेत, वर कुठलंसं टॉर्चचं ॲप. टॉर्चला इंटरनेट कशाला लागतं? कॅमेरा, कॉन्टॅक्ट्सची परवानगी अँड्रॉइड विचारतं तरी. इंटरनेटची परवानगी मात्र ॲप टाकताक्षणी आपोआप मिळते. फोन रूट करायचा नाही (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचा नाही), यूपीआय बंद पडायला नको.

म्हणून नेटगार्ड हे फायरवॉल ॲप (कुठल्या ॲपला नेट द्यायचं ते ठरवणारं) टाकायचं ठरवलं. ते फोनमध्येच व्हीपीएन (फोनचं सगळं नेट ज्यातून जातं असा मार्ग) उभं करतं आणि नको त्या ॲपचं नेट तिथेच अडवतं. पण प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीत जाहिराती अडवायची सोय नाही, गिटहबवरच्या (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) आवृत्तीत आहे! जाहिराती अडवणारी ॲप गुगलने २०१३ मध्येच स्टोअरवरून काढली होती. नोव्हेंबर २०२२ पासूनच्या नियमातही फायरवॉलला व्हीपीएन सर्व्हिस वापरायला मुभा आहे, पण दुसऱ्या ॲपच्या जाहिरातींच्या कमाईला धक्का लावायचा नाही. वॉचमन ठेवा, पण आमच्या सेल्समनला गेटवर अडवू नका, असला प्रकार.

गिटहबवरून एपीके (ॲप टाकायची फाइल) घेणं कितपत सुरक्षित? शिवाय व्हीपीएन चालू असलं की बाबांचं बँकेचं ॲप उघडत नाही. आणि 'हे ॲप नेटवर्क ट्रॅफिकवर लक्ष ठेवू शकेल' ही सूचना आल्यापासून बाबा म्हणतायत, "चोर पकडायला चोरच आणलास की!" बहिणीच्या आयफोनवर असं काही होतं का?

प्रतिसाद

बाबांची शंका रास्त आहे. ती सूचना प्रत्येक व्हीपीएन ॲपला येते; ॲप डेटा आत अडवतं की बाहेर धाडतं, हे त्यातून कळत नाही. नेटगार्डचा सोर्स कोड खुला आहे (ॲप कसं लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं), म्हणून मी ते वापरतो. फुकट व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नका.

एपीकेच्या भानगडीत पडूच नका. प्ले स्टोअरवरचं नेटगार्ड टाकून टॉर्च नि रमीचं नेट तोडा. बाकी जाहिरातींसाठी सेटिंग्जमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये ॲडगार्डचा जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) घाला (अँड्रॉइड ९ पासून सोय आहे). फक्त, फोन कुठल्या साइटवर जातो हे मग त्या डीएनएसवाल्याला दिसतं. बँकेचं ॲप नेटगार्डमधून वगळून बघा. काही ॲपना तरीही सुगावा लागतो, तेवढ्यापुरतं नेटगार्ड बंद करायचं.

आयफोनवर ॲपनिहाय मोबाइल डेटा बंद करता येतो, वायफाय नाही.

आणि हो, नेटगार्डचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन त्यालाच झोपवतो.