‘गर्भवती स्त्री’ की ‘गर्भवती व्यक्ती’?

प्रश्न
सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपात कायद्यावरील आपल्या निकालात ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तींचाही समावेश केला आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात ‘गर्भवती व्यक्ती’ हा शब्दप्रयोग स्वीकारला. आमच्या आरोग्य केंद्राच्या माहितीपत्रकातही ‘स्त्री’ हा शब्द बदलावा का?

प्रतिसाद १
बदलू नये, असे मला कळकळीने वाटते. ‘गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तींनी तपासणी करून घ्यावी’ असे लिहिले, तर ज्या बाईला ‘पिशवीचे तोंड’ एवढेच शब्द ठाऊक आहेत, तिला हे आपल्यासाठी आहे हे उमगणारच नाही.

प्रतिसाद २
मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोग विभागात गेलो असताना नाव पुकारल्यावर मी उठलो, तेव्हा परिचारिकेने माझ्या मागे पाहत ‘पेशंट कुठे आहे?’ असे विचारले. त्यानंतर दोन वर्षे मी तपासणी टाळली. ‘स्त्री’ हा शब्द काढा, असे माझे म्हणणे नाही, पण मलाही तिथे जागा हवी.

प्रतिसाद ३
इंग्लंडमधील ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांनी २०२१ मध्ये हेच केले: ‘स्त्रिया’ हा शब्द कायम ठेवून त्याच्या जोडीला ‘प्रसूत होणाऱ्या व्यक्ती’ असे शब्द आणले. मराठीत तर ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगीच असल्यामुळे ‘गर्भवती’ हे विशेषणही जसेच्या तसे राहते. त्याआधी केसपेपरवरील ‘पतीचे नाव’ हा रकाना मात्र बदलावा, कारण तो अविवाहित मुलींना आणि विधवांनाही तितकाच अडवतो.